दहा मिनिटं उभं करा आणि नाडी मोजा : नागपूरच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी, नागपूर महानगरपालिका,
तसेच शहरातल्या दहाही झोनमधील नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांचे व आपला दवाखान्यांचे वैद्यकीय अधिकारी

विषय : कोरोनानंतर मेंदू व मज्जासंस्थेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची केंद्रातच प्राथमिक तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात उभे राहिलेले वॉर्ड आवरले गेले, ऑक्सिजनच्या नळ्या निघाल्या, आणि हा आजार फुप्फुसाचा होता, तो गेला, अशी सगळ्यांची समजूत झाली. ओपीडीत मात्र वाक्यं अजून तीच ऐकू येतात. "बोलता बोलता शब्दच सापडत नाही." "उभं राहिलं की छातीत धडधड होते." "एक दिवस घर आवरलं की पुढचे दोन दिवस उठवत नाही." "तळपाय जळते." "भाजीला फोडणी दिली की नालीचा वास येते."

ही पाच माणसं पाच वेगवेगळ्या दारांवर जातात. एकाचा ईसीजी निघतो, दुसऱ्याची नाकाची दुर्बीण होते, तिसऱ्याला एमआरआयची चिठ्ठी मिळते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि शेवटी कागदावर 'टेन्शन' लिहिलं जातं. यातल्या बहुतेकांची पहिली तपासणी आपल्या केंद्रात, एका भेटीत, रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, रिफ्लेक्सचा हातोडा आणि ट्यूनिंग फोर्क (कंपन जाणवतं का ते तपासायचा चिमटा) एवढ्यावर होऊ शकते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी थोडं आत काय बिघडतं त्याबद्दल, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

विषाणू मेंदूत घुसून मेंदू पोखरतो, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे आणि त्यानं घबराटच जास्त झाली. मृतांच्या तपासणीत काहींच्या मेंदूत विषाणूचे जनुकीय अंश सापडले हे खरं. पण बहुतेक रुग्णांत मेंदूची हानी होते ती आडवाटेनं. गंभीर आजारात ऑक्सिजन कमी पडतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि गुठळ्या होतात. तिसरी वाट सौम्य आजारातही उघडी असते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. शरीरात इतरत्र पेटलेल्या दाहाचे रासायनिक निरोप त्यांच्यापर्यंत पोचतात, त्या चिडतात आणि लवकर शांत होत नाहीत. २०२२ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात संसर्ग फक्त श्वसनमार्गापुरता ठेवला होता. तरीही मेंदूतल्या या पेशी चिडलेल्या दिसल्या आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कमी झालं. विजेच्या तारेचं वेष्टन विरलं की करंट जातो, पण नीट जात नाही, तसं. २०२४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की ज्या लाँग कोविड (कोरोनानंतर महिनोन्महिने टिकलेल्या तक्रारींच्या) रुग्णांना 'ब्रेन फॉग' (डोक्यात धुकं दाटल्यासारखं होणं) आहे, त्यांच्यात रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी गळकी झालेली असते. आणि चौथी वाट म्हणजे प्रतिकारशक्तीची चूक: विषाणूवर सोडलेला मारा आपल्याच नसांवर पडतो. गिलेन-बारे हा त्यातलाच आजार.

ब्रिटनमध्ये ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन दोनदा काढले गेले. दोन स्कॅनच्या मधल्या काळात त्यांपैकी ४०१ जणांना कोरोना होऊन गेला, बहुतेकांना सौम्य. न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूच्या वासाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत ०.२ ते २ टक्के जास्त घट दिसली. हा आकडा वाचून घाबरायचं कारण नाही, पण त्यातून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही घट गटाच्या सरासरीत दिसते. एकट्या रुग्णाच्या नेहमीच्या एमआरआयवर ती दिसत नाही. म्हणून एमआरआय नॉर्मल आला यावरून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. आणि म्हणूनच प्रत्येकाला एमआरआयला पाठवून त्याचे पैसे घालवण्यातही अर्थ नाही. फिट, नव्यानं आलेली एका बाजूची कमजोरी, दृष्टी जाणं, दिवसागणिक वाढत जाणारी डोकेदुखी, झपाट्यानं ढासळणारी स्मृती असेल तर एमआरआय करावा, एरवी थांबावं.

कुणाला या यादीत धरायचं? जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ ची व्याख्या सोपी आहे: संसर्गाला साधारण तीन महिने झालेले, तक्रार किमान दोन महिने टिकलेली, आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं ती समजावता न येणारी. इथे आमची कळकळीची विनंती अशी की दारात जुना आरटीपीसीआर रिपोर्ट मागू नका. अनेकांनी २०२१ च्या लाटेत आजार घरीच अंगावर काढला, चाचणी केलीच नाही. अँटिबॉडी तपासून आता काही कळत नाही, कारण संसर्गानं म्हणा की लसीनं म्हणा, त्या जवळपास सगळ्यांच्याच रक्तात आहेत. 'ताप आला होता, घरातल्या सगळ्यांना आला होता, आणि तेव्हापासून हे सुरू आहे' एवढा इतिहास पुरेसा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे. एकच तपासणी सुरू करायची झाली तर आम्ही उभं राहण्याची चाचणी निवडू. नसांचं एक जाळं आपल्या नकळत नाडी, रक्तदाब, घाम, पचन सांभाळतं. कोरोनानंतर अनेकांत हेच जाळं चुकायला लागतं. माणूस उभा राहिला की पायांत उतरलेलं रक्त वर ढकललं जात नाही, मेंदूला कमी पडतं आणि हृदय धावायला लागतं. बसून काढलेला ईसीजी आणि झोपवून काढलेला इको यात हे कधीच सापडणार नाही.

रुग्णाला सकाळी बोलवा. चहा, कॉफी, तंबाखू, खर्रा त्या दिवशी आधी नको. आडवं झोपवून पाच ते दहा मिनिटं शांत ठेवा, मग दोनदा नाडी आणि रक्तदाब लिहा. नंतर भिंतीपाशी उभं करा: टाचा भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे, फक्त खांदे भिंतीला टेकलेले. दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब, अशी दहा मिनिटं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. शेजारी एक माणूस हवाच, कारण काही जण खरोखर कोसळतात. डोळ्यांपुढे अंधारी आली की चाचणी तिथेच थांबवा आणि झोपवा. मोठ्या माणसात नाडी झोपलेल्या स्थितीपेक्षा मिनिटाला ३० किंवा अधिक वाढून तशीच टिकली, रक्तदाब मात्र पडला नाही आणि त्याच वेळी त्रास झाला, तर ती 'पॉट्स'ची (उभं राहताच नाडी फार वाढण्याच्या विकाराची) खूण. १२ ते १९ वर्षांच्या मुलांत ही मर्यादा ४० धरायची. पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० नं किंवा खालचा १० नं घसरला तर तो वेगळा दोष आहे, त्याचं कारण बहुधा औषधांत, मधुमेहात किंवा शरीरातल्या पाण्यात सापडतं.

ही चाचणी कुठे फसते तेही सांगतो, कारण चुकीची केली तर न केलेली बरी. रुग्ण नकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो. पोटरीचा स्नायू पंपासारखा रक्त वर ढकलतो आणि नाडी खोटी चांगली येते. सिस्टर कामाच्या घाईत दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला थांबतात. अनेकांची नाडी पाचव्या-सहाव्या मिनिटानंतर चढते. हात लोंबकळत ठेवून रक्तदाब घेतला तर तो जास्त येतो, हात हृदयाच्या उंचीला टेकवून धरायला हवा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर नाडी बघायला हरकत नाही, फक्त नेलपॉलिश पुसून घ्या. आणि मे महिन्यात, बसमधून उन्हात आलेल्या, सकाळपासून पाणी न प्यायलेल्या माणसाला उभं केलं तर कुणाचीही नाडी पळेल. त्याला आधी पाणी द्या, अर्धा तास सावलीत बसवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहिल्याशिवाय 'पॉट्स' हा शब्द कागदावर लिहू नये. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की निम्मं कोडं तिथेच सुटतं.

नागपूरसाठी हा विषय आणखी गंभीर का, तर आपला उन्हाळा. मे २०१३ मध्ये या शहरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. उष्णतेनं त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामातून पाणी आणि मीठ जातं, आणि ज्याची ही यंत्रणा आधीच लंगडी आहे तो एप्रिलपासूनच आडवा होतो. उष्माघाताच्या कृती आराखड्यात वृद्ध, गरोदर बायका, उन्हात काम करणारे यांच्याबरोबर या रुग्णांचाही उल्लेख यावा, अशी आमची मागणी आहे. त्यांना सांगायचं ते साधं आहे. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, थोडं थोडं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन ग्लास. मीठ घातलेलं ताक किंवा मठ्ठा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, पेलाभर पाण्यात नाही. ज्यांना उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी मीठ वाढवायचं नाही. अंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट किंवा गार. उभं राहायची वेळ आलीच तर पोटऱ्या आवळायच्या, पाय एकमेकांत अडकवायचे. पुस्तकात कमरेपर्यंतचे घट्ट मोजे लिहिलेले असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ते कुणी घालत नाही, आणि घालावेत असा आग्रह आम्हीही धरत नाही. पोटाचा पट्टा त्यापेक्षा सुसह्य आहे आणि पोटात साचणारं रक्त तो बऱ्यापैकी वर ढकलतो. नाडी मंदावणारं प्रोप्रानोलोल किंवा आयव्हाब्रॅडिन लागलंच तर ते तज्ज्ञानं ठरवावं; दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलोल देऊ नये.

आणि एक अगदी छोटी गोष्ट: केस पेपरची रांग. या रुग्णांसाठी अर्धा तास उभं राहणं हाच आजार आहे. रांगेत पाच खुर्च्या ठेवल्या तरी त्यांची निम्मी तकलीफ दारातच वाचेल.

दुसरी गोष्ट श्रमानंतरच्या कोसळण्याची. इथे चांगल्या हेतूनं सगळ्यात जास्त नुकसान होतं. रुग्ण म्हणतो थकवा आहे, आपण म्हणतो चालायला जा, रोज थोडं वाढवा. ज्याचे स्नायू फक्त अंथरुणात पडून गळाले आहेत, समजा आयसीयूतून परत आला आहे, त्याला हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण एका प्रकारच्या रुग्णात श्रम झाल्यावर लगेच काही होत नाही. २४ ते ७२ तासांच्या आत अंग मोडून येतं, डोकं बंद पडतं, झोप लागत नाही आणि हे दिवसेंदिवस चालतं. श्रम म्हणजे फक्त व्यायाम असं नाही. लग्नघरातली एक दुपार, दोन तासांची मीटिंग, मुलाचा अभ्यास घेणं, यानंही तेच होतं. अशा माणसाला रोज व्यायाम वाढवायला लावला तर तो दर आठवड्याला खाली जातो.

म्हणून फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: "जास्त काम झालं तर त्रास त्याच दिवशी होतो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? आणि भरून यायला किती दिवस लागतात?" उत्तर 'दुसऱ्या दिवशी, आणि दोन-चार दिवस' असं आलं तर व्यायाम वाढवायचा नाही, शक्ती वाटून वापरायला शिकवायचं. दोन आठवडे वहीत तासातासाचं काम आणि त्रास लिहायला सांगा. कुठल्या कामानंतर कोसळणं येतं ते त्या वहीतच दिसतं. मग ज्या कामाला पूर्वी तासभर लागायचा त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मध्ये आडवं पडून विश्रांती, आणि ती थकण्याच्या आधी. भाजी बसून चिरायची, धुणं एका दिवशी, फरशी दुसऱ्या दिवशी. बरं वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह होतो. बहुतेक जण नेमके तिथेच पडतात. घरच्यांना हे समोर बसवून सांगावं लागतं, नाहीतर सून आळशी ठरते.

स्मृतीच्या तक्रारीबद्दल. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक लोकांची ऑनलाइन चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. कोरोना होऊन पूर्ण बरे झालेल्यांत बुद्ध्यंकाच्या मापानं सुमारे ३ गुणांची घट दिसली, १२ आठवड्यांहून जास्त लक्षणं टिकलेल्यांत सुमारे ६, आणि आयसीयूत राहिलेल्यांत सुमारे ९. सुरुवातीच्या लाटांतल्या विषाणूनं जास्त नुकसान केलं होतं. ३ गुण म्हणजे घरात वावरताना काही नाही. पण कळमन्याच्या बाजारात तोंडी हिशोब करणारा अडत्या, बुटीबोरीत मशीनवर उभा असलेला कामगार, रात्री ट्रक चालवणारा ड्रायव्हर, बारावीचा विद्यार्थी, यांना तो फरक रोज जाणवतो.

मोका ही ३० गुणांची चाचणी मराठीत उपलब्ध आहे आणि तिला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण ती स्मृतिभ्रंश शोधण्यासाठी बनली आहे. एवढी बारीक घट तिच्या जाळ्यातून निसटते. शिकलेल्या माणसाला २८ गुण मिळाले म्हणून 'तुम्हाला काही नाही' म्हणू नये. उलट चौथीत शाळा सुटलेल्या बाईला घड्याळ काढा, घन उतरवा म्हटलं तर मोजमाप तिच्या शाळेचं होतं. त्यापेक्षा व्यवहारातलं विचारा. किराण्याच्या पाच वस्तू सांगा आणि पाच मिनिटांनी परत विचारा. वारांची नावं उलटी म्हणायला लावा. १३५ रुपयांचं सामान घेतलं, ५०० ची नोट दिली, परत किती? मग चालता चालता २० पासून उलटे आकडे म्हणायला सांगा. दोन कामं एकत्र करताना पाय थांबतात की आकडे थांबतात, ते पाहा. या रुग्णांत लक्ष विभागताच येत नाही. आणि बरोबर आलेल्या माणसाला विचारा, पूर्वी कसे होते? तुलना त्या माणसाची त्याच्या स्वतःशीच करायची.

याच वेळी झोप, घोरणं आणि उदासी विचारून घ्या. नैराश्य आणि कोरोनाचा परिणाम एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं सोडू नये. अमेरिकेतल्या सुमारे १३ लाख रुग्णांच्या नोंदींचा दोन वर्षांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. चिंता आणि उदासीचा वाढलेला धोका एक-दोन महिन्यांत इतरांच्या पातळीवर आला होता. विचारशक्तीच्या तक्रारी, फिट, स्मृतिभ्रंश यांचा धोका मात्र दोन वर्षांनंतरही वाढलेलाच होता. निव्वळ 'टेन्शन' हे निदान पुरत नाही ते एवढ्यासाठी.

वासाकडे आपण फार हलकं पाहिलं. नाकाच्या वरच्या टोकाला वासाच्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी. विषाणू ज्या एसीई-२ कुलपातून शिरतो ते कुलूप आधार पेशींवर आहे, चेतापेशींवर नाही. आधार कोसळला की वास जातो, आणि तो परत भरून आला की बहुतेकांचा वास काही आठवड्यांत येतो. काहींच्यात नवे तंतू उगवताना जोडणी चुकते आणि कॉफी, भाजलेला मसाला, तळलेला कांदा-लसूण यांचा वास जळक्या रबरासारखा किंवा नालीसारखा येतो. सावजी रश्श्याच्या शहरात ही शिक्षाच आहे, माणसं जेवण सोडतात. त्यांना सांगा की ही उगवणीची खूण आहे, आणि तोवर जेवण गार किंवा कोमट, बिनफोडणीचं: दही-भात, भाकरी, फळं.

वासाचा सराव घरच्या वस्तूंवर होतो. मूळ पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास आहेत. चार छोट्या काचेच्या बाटल्या. दोघींत कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब: एकीत गुलाबाचं अत्तर, दुसरीत निलगिरीचं तेल. लिंबाची ताजी किसलेली साल. ओबडधोबड कुटलेली लवंग. लिंबाऐवजी संत्र्याची साल चालते: रुग्णाला साल नाकाजवळ धरून मधोमध दुमडायला सांगा, तिच्यातून तेलाचा बारीक फवारा उडतो तो दिसतोही. प्रत्येक वास सुमारे २० सेकंद, हलके हलके हुंगायचा, त्या वेळी तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं, मग थोडी विश्रांती. सकाळी आणि संध्याकाळी, किमान १२ आठवडे. लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण फरक दिसत नाही. तेव्हा अजून दिसायची वेळच झालेली नसते. साली दर दोन-तीन दिवसांनी बदला, वाळलेल्या सालीला वास राहत नाही. वास येतो की नाही हे तपासताना बाम, कापूर, अमोनिया वापरू नका. त्यांचं झोंबणं चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून कळतं, वास पूर्ण गेलेल्यालाही ते जाणवतं. कॉफी किंवा अंगाचा साबण घ्या, एकेक नाकपुडी बंद करून.

ज्याला वास येत नाही त्याच्या घरी गॅसची गळती कळत नाही. सिलिंडरला वास येण्यासाठी मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, तेच या माणसाला निरुपयोगी आहे. रात्री रेग्युलेटर बंद, नळीवर महिन्यातून एकदा साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी जमल्यास गॅस डिटेक्टर. आशाताईंनी घरभेटीत एवढं विचारलं तरी एखादा जीव वाचेल.

तळपायांची जळजळ आणि मुंग्या. कोरोनानंतर बारीक नसांचा दाह होतो आणि त्यात एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी) नॉर्मल येते, कारण ती जाड नसा मोजते. पण कोरोनावर बिल फाडण्याआधी साखर आणि बी-१२ पाहा. २०२१ मध्ये स्टिरॉइड घेतलेल्या अनेकांचा मधुमेह तेव्हाच उघडा पडला. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते आणखी कमी होतं. इथली नेमकी चूक अशी: रुग्ण आपल्याकडे यायच्या आधीच कुठेतरी 'ताकदीचं इंजेक्शन' घेऊन येतो. त्यात बी-१२ असतं. मग रक्तातली पातळी भरपूर दिसते आणि खरी कमतरता झाकली जाते. म्हणून इंजेक्शन टोचण्याआधी रक्त काढा, आणि आधी टोचलं असेल तर रिपोर्टवर तसं लिहा. ताकदीच्या गोळ्यांचं दुसरं टोकही आहे: काहींत बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन जास्त असतं, आणि ते महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात. जळजळीवर दिलेली गोळी जळजळ वाढवते आहे का, ते तिच्या पाकिटावर वाचून घ्या. केंद्रात १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक धागा) तळव्यावर लावला की अर्धी तपासणी झाली.

आता ज्यांना केंद्रात एक मिनिटही थांबवू नये असे रुग्ण. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो, पण नियम नेहमीचाच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत लागतं, आणि घड्याळ सुरू होतं माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तदाब घाईनं खाली आणू नका, आणि जिथे सीटी आहे तिथेच थेट पाठवा.

पाय जड होत होत कमजोरी काही तासांत किंवा दिवसांत वर चढत असेल आणि गुडघ्यावर हातोडा मारूनही पाय उडत नसेल, तर ते गिलेन-बारे समजून चाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या साथीनं हा शब्द घराघरात पोचवला. तिथे संशय मुख्यतः पाण्यातून आलेल्या जिवाणूवर होता, पण नसांवरचा हल्ला त्याच जातीचा. रुग्णाला एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा. तो २० च्या आत थांबत असेल तर व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी लगेच न्या. पाठीचं पाणी आणि एनसीव्ही पहिल्या आठवड्यात नॉर्मल असू शकतात, त्यांची वाट पाहत बसू नये. यावरचं औषध इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी), त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.४ ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. हा साठा कुठे आणि किती आहे याचा आकडा शहराच्या नियंत्रण कक्षात रोज असायला हवा. ते परवडत नसेल तर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार तितकाच गुणकारी आहे.

लसीचा प्रश्न रोज विचारला जातो, तेव्हा तो टाळू नये. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात, आपल्याकडे कोविशील्ड नावानं दिल्या गेलेल्या लसीच्या पहिल्या डोसनंतर एक कोटी लोकांमागे गिलेन-बारेचे सुमारे ३८ जास्तीचे रुग्ण आढळले. कोरोना झालेल्यांत तोच आकडा कोटीमागे सुमारे १४५ होता. दोन्ही आकडे रुग्णाला सरळ सांगावेत. लपवलं की अफवा वाढते.

औषधांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ब्रेन फॉगवर सिद्ध झालेली गोळी आज नाही. स्मृतीसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या सिटिकोलिन, पिरासिटामच्या महागड्या कोर्सनं रुग्णाचा खिसा तेवढा रिकामा होतो. चिंतेवरचं अल्प्राझोलाम दिलं की झोप येते आणि स्मृती आणखी मंदावते. वृद्धांना अमिट्रिप्टिलिन झोपेसाठी देताना दहादा विचार करा. त्यानं तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, गोंधळ वाढतो आणि उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो. स्टिरॉइड पुन्हा सुरू करायला तर काहीच आधार नाही.

आम्ही मागतो ते इतकंच. प्रत्येक झोनमध्ये एका केंद्रात आठवड्यातून अर्धा दिवस, सकाळी, या रुग्णांसाठी. केस पेपरला जोडायचा एक छापील कागद: उभ्या नाडीचा दहा मिनिटांचा तक्ता, श्रमाचा तो एक प्रश्न, वास, तळवे, स्मृतीचे चार प्रश्न, आणि तातडीच्या खुणा. रक्तात हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईड), बी-१२. नोंदीत यू०९.९ हा आयसीडी (आजारांच्या जागतिक वर्गीकरणाचा) कोड. कोरोनानंतरच्या अवस्थेसाठी तोच ठरवलेला आहे, आणि तो लिहिला नाही तर हे रुग्ण शहराच्या कुठल्याच आकड्यात येत नाहीत. मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांच्या न्यूरोलॉजी ओपीडीत कागद भरून आलेल्यांसाठी दर आठवड्याला ठरावीक जागा. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांना फेरतपासणीसाठी प्रवास करायला लावू नये. ती ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर) होऊ शकते, कारण दुसऱ्या भेटीत पाहायची असते ती बहुतेक वहीच.

सलाईनच्या गुळण्यांतून आरटीपीसीआर करण्याची पद्धत याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये दिली. कमी खर्चाची साधी तपासणी नागपूर बसवू शकतं, ते तेव्हाच दिसलं.

सिस्टर आणि एएनएम यांना उभं राहण्याची चाचणी आणि वासाचा सराव शिकवायला दोन तास पुरतात. त्यातला पहिला तास आम्ही त्यांनाच दहा मिनिटं भिंतीला टेकवून उभं करू आणि एकमेकींची नाडी लिहायला लावू. छापील कागदाचा मराठी आणि हिंदी मसुदा आमच्याकडे तयार आहे. झोन आणि वार आपण कळवा. उन्हाळा लागण्याआधी सुरुवात झाली तर बरं.

आपले,
मेंदू व मज्जासंस्थेचे विकार आणि पुनर्वसन या क्षेत्रांत काम करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व परिचारिका
नागपूर